अंकगणित आणि गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालकांनी, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आणि वावराचा हिशोब मांडताना अडलेल्या वाचकांनी पाठवलेले आहेत. तेच ते पुन्हा यायला लागले म्हणून एकत्र केले. प्रश्न शक्यतो पाठवणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडं असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंकगणित आणि गणित एकच की वेगवेगळं?

अंकगणित हा गणिताचा एक भाग. संख्या, त्यांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आणि त्यातून येणारे अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, मसावि-लसावि, व्याज, नफा-तोटा हे सगळं अंकगणितात येतं. गणितात याशिवाय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, कलन, संभाव्यता आणि अजून बरंच काही.

पण नुसत्या यादीनं फरक कळत नाही. ४७२५ ला ९ नं भाग जातो का, हे भागून पाहणं अंकगणित झालं. कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांच्या बेरजेला ९ नं भाग गेला तर त्या संख्येलाही जातोच, असं सगळ्या संख्यांबद्दल म्हणणं आणि का ते दाखवणं, हे गणित. (ते ‘का’ प्रश्न ६ मध्ये.) अंकगणित एका उदाहरणाचं उत्तर देतं, गणित तशा सगळ्या उदाहरणांचं कारण शोधतं. खालची बरीच उत्तरं फिरून इथंच येतात.

२. दहावीच्या पुस्तकावर ‘अंकगणित’ कुठंच नाही, पोलीस भरतीत मात्र आहे. असं का?

दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, प्रत्येकी ४० गुण. अंकगणित तोवर येतच असणार असं धरलेलं असतं. ते अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आणि शेअरच्या हिशोबात दिसतं, बाकी सगळीकडं पोटात असतं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला उमेदवार नेमका आणि भरभर हिशोब करतो का तेवढंच पाहायचं असतं, म्हणून तिथं ते उघड नावानं आहे.

३. सर, लेकराचे तीसपर्यंत पाढे तोंडपाठ आहेत, पण समीकरण आलं की पेन खाली ठेवतो. पाढे कमी पडले का?

पाढे कमी पडलेले नाहीत. अडचण बहुतेक वेळा ‘=’ या चिन्हात असते, आणि ती दुसरी-तिसरीपासूनची असते.

घरी एवढं करून पाहा. कागदावर ८ + ४ = ☐ + ५ लिहून द्या. पुष्कळ लेकरं चौकटीत १२ लिहितात. काही १७ लिहितात. उत्तर ७ आहे. १२ लिहिणाऱ्याची बेरीज चुकलेली नाही, त्याच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ एवढंच. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह सांगतंय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग वहीत असल्या ओळी सापडतात: ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५. शेवटचा आकडा बरोबर म्हणून शिक्षकही बरोबरची खूण करून मोकळे होतात. पण त्या ओळीनं ५ + ३ म्हणजे १५ असं म्हटलेलं आहे.

अंकगणितात आकडे आधी हातात असतात आणि उत्तर शेवटी येतं. समीकरणात उत्तर आधी दिलेलं असतं आणि हरवलेला आकडा मध्येच कुठंतरी असतो. १७ × ६ किती, हे पाठांतरानं सुटतं. कशाला ६ नं गुणलं की १०२ येतील, यासाठी उलटं चालावं लागतं. तेव्हा पाढे आणखी वाढवू नका. वरच्यासारख्या चौकटी रोज चार-दोन सोडवायला द्या, आणि चौकट दरवेळी डावी-उजवीकडं हलवत राहा.

४. आमचे आजोबा पावकी, निमकी, औटकी म्हणायचे. आता शिकवावी का?

निवडून शिकवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांच्यावाचून बाजार होत नव्हता. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. मराठवाड्यातल्या मागच्या पिढ्यांना तर आणखी एक हिशोब ठेवावा लागे: निजामाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा रुपये, असा साधारण भाव असे. म्हणजे त्रैराशिक तोंडीच.

सवायकी आणि दिडकी आजही कामाची आहे. १८ ची दीडपट २७ हे ज्याला झटकन येतं, त्याला दशांश अपूर्णांकाची धास्ती वाटत नाही. औटकीवर मात्र वेळ घालवू नका.

५. माझं वावर २.२५ एकर (२ एकर २५ गुंठे), भावाचं १.३०. कॅल्क्युलेटरवर ३.५५ येतं, तलाठी म्हणतात ४ एकर १५ गुंठे. कोण खरं?

तलाठी खरे. या पानावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच.

एकराचे गुंठे ४०, शंभर नव्हेत. २५ आणि ३० मिळून ५५ गुंठे झाले. त्यातले ४० काढले की एक एकर हातचा, उरले १५. एकर २ + १ + हातचा १ = ४. सगळं गुंठ्यांत करून पाहा: १०५ + ७० = १७५, म्हणजे ४ एकर १५ गुंठे. कॅल्क्युलेटरचे ३.५५ एकर खरे धरले तर ते १४२ गुंठे होतात. ३३ गुंठे रान कागदावरच गेलं. वाटणीपत्र करताना ही चूक होते, आणि मग भावाभावांत बोलणं बंद होतं.

चूक यंत्राची नाही. तुम्ही एकर आणि गुंठ्यांच्या मध्ये जे टिंब दिलं ते नुसतं वेगळं दाखवण्यापुरतं आहे, यंत्रानं ते दशांशचिन्ह समजलं. यंत्राचा हातचा दहावर निघतो, तुमचा चाळीसावर निघायला हवा. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, १०० आरांचा एक हेक्टर, म्हणून तिथं ०.८० + ०.६० = १.४० ही नेहमीची बेरीज बरोबर येते. तेच वर्ष-महिन्यांना हातचा बारावर, तास-मिनिटांना साठावर.

शाळेत हातचा घ्यायला शिकवतात ते अंकगणित. ‘हातचा दहावरच का निघतो? दुसऱ्या कशावर निघाला तर काय बदलेल आणि काय तसंच राहील?’ असं विचारलं की तुम्ही गणितात आलात. गुंठ्यांचा हिशोब करणाऱ्याला हे कळलेलंच असतं. फक्त त्याला कुणी गणित म्हणत नाही.

६. अंकांची बेरीज ९ नं भागली की संख्या भागली जाते. हा नियम आला कुठून?

४७२५ घ्या. म्हणजे ४ हजार, ७ शे, २ दहा, ५ एक. हजार म्हणजे ९९९ + १, शंभर म्हणजे ९९ + १, दहा म्हणजे ९ + १. म्हणून

४७२५ = (४ × ९९९ + ७ × ९९ + २ × ९) + (४ + ७ + २ + ५)

पहिल्या कंसाला ९ नं भाग जाणारच. प्रश्न उरला दुसऱ्या कंसाचा, आणि ती अंकांचीच बेरीज आहे: १८. गेला भाग. यात ४७२५ चं खास असं काही नाही. कुठलीही संख्या ठेवा, हेच होणार. एवढं दिसलं की सिद्धता झाली.

आता प्रश्न ५ मधले गुंठे आठवा. तिथं हातचा चाळीसावर आणि ४० = ३९ + १. म्हणजे हाच नियम तिथं ३९ ला लागू पडला पाहिजे. २ एकर ३७ गुंठे घ्या: २ + ३७ = ३९. सगळे गुंठे ११७, आणि ११७ म्हणजे ३९ × ३. बरोबर बसलं. गावात कुणी ३९ नं रान वाटत नाही, हे मान्य. पण एका ठिकाणचं कारण उचलून न पाहिलेल्या ठिकाणी लावलं आणि ते लागू पडलं, याचं सुख वेगळंच.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर असल्याच कामात रमत. त्यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा. येईल त्याला पुन्हा तेच करा. ३५२४ पासून: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढं तीच तीच संख्या येत राहते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही तिथं पोचता. लागते ती तिसरीतली वजाबाकी. (मधली प्रत्येक वजाबाकी ९ नं भागली जाते. का, ते वरच्यावरून काढता येईल.)

७. कंचेभागुबेवनुसार १० − ४ + ३ = ३ यायला पाहिजे. गाईडमध्ये ९ दिलंय. छापण्यात चूक?

गाईड बरोबर आहे. ‘कंचेभागुबेव’ पाठ करायला सोपं, पण त्यानं एक घोटाळा होतो: ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर आहे म्हणून बेरीज आधी करायची असं वाटतं. बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी. गुणाकार-भागाकाराचंही तेच. ८ ÷ २ × ४ = १६.

हा क्रम सिद्ध करता येत नाही, कारण तो प्रमेय नसून ठरवलेली रीत आहे. लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं एकमत असावं म्हणून ठरवलेली. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ दाबलं की २० येतात, मोबाइलवर १४. दुकानातलं यंत्र दाबाल तसतसं करत जातं, एवढंच. व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी फिरणारं ६ ÷ २(१ + २) हे कोडं तर मुद्दाम अर्धवट लिहिलेलं असतं. त्यात एक कंस वाढवला की वाद मिटतो, म्हणूनच तो कुणी वाढवत नाही.

८. वजा गुणिले वजा अधिक. पाठ आहे, पण पटत नाही.

न पटणं चांगलं लक्षण आहे. −३ × ४ = −१२ हे पटतं ना? तीन रुपयांची उधारी चार जणांची झाली. आता −३ × (४ + (−४)) पाहा. कंसात शून्य, म्हणून सगळ्याचं उत्तर शून्य. हेच कंस सोडवून लिहिलं तर −१२ + (−३)(−४). दोन्ही मिळून शून्य यायचं तर (−३)(−४) ला १२ व्हावंच लागतं. दुसरं काही ठेवलं तर कंस सोडवायचा नियम मोडतो, आणि तो मोडला की बीजगणितच उभं राहत नाही.

ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त हे नियम ‘धन’ आणि ‘ऋण’ याच शब्दांत दिले आहेत.

९. शून्यानं भागलं की अनंत येतं ना?

नाही. ६ ÷ ० = क म्हणायचं तर क × ० = ६ व्हायला हवं, आणि तसा क कुठंच नाही. ० ÷ ० ला उलटी अडचण: कुठलाही क चालतो. म्हणून शून्यानं भागायचंच नाही असं ठरलं. ब्रह्मगुप्तानं ० ÷ ० = ० म्हटलं होतं, भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून ती अनंत मानली. इतक्या मोठ्या माणसांनाही इथं ठेच लागली, तेव्हा पोराला रागावू नका.

१०. सोयाबीन १०० किलो, ओल २० टक्के. वाळवून १२ टक्क्यांवर आणलं तर ९२ किलो भरायला पाहिजे. काट्यावर ९१ सुद्धा भरेना. काट्यात खोट आहे का?

काट्याची शंका इतर वेळी जरूर घ्या, या वेळी नको. वजाबाकी बरोबर आहे, ती भलत्याच गोष्टीची केली आहे.

वाळताना पाणी उडतं, दाणा तेवढाच राहतो. सुरुवातीला पाणी २० किलो, कोरडा दाणा ८० किलो. शेवटी पाणी १२ टक्के म्हणजे दाणा ८८ टक्के. तेव्हा हेच ८० किलो आता एकूण वजनाच्या ८८ टक्के आहेत. ८० ÷ ०.८८ = ९०.९ किलो. आधीचे २० टक्के शंभर किलोवरचे, नंतरचे १२ टक्के कमी झालेल्या वजनावरचे. दोन वेगवेगळ्या ढिगांवरचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत.

शेवटचा भागाकार सहावीतलं पोरगं करेल. ‘यात न बदलणारं काय?’ हे आधी विचारायला हवं, आणि ते विचारणं अंकगणिताच्या पुढचं आहे. भाव २० टक्के पडून पुन्हा २० टक्के चढला तरी मूळ भाव येत नाही, तेही याच कारणानं.

११. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६० वेग. सरासरी ५० का नाही?

समजा एका बाजूचं अंतर १२० किलोमीटर. जायला ३ तास, यायला २. पाच तासांत २४० किलोमीटर म्हणजे ताशी ४८. हळू चालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून त्या वेगाचं पारडं जड. सरासरी काढायला अंकगणित पुरतं, कशाची काढायची हे ते सांगत नाही. चार आठवडे ३०-३० मिलिमीटर पाऊस झाला काय, आणि तीन आठवडे कोरडे जाऊन एकाच दिवशी १२० पडला काय, आठवड्याची सरासरी तीच. पिकाला विचारा फरक काय तो.

१२. आकड्यांशिवाय गणित असतं का?

असतं. केनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, हा प्रश्न ऑयलर या गणितज्ञानं १७३६ मध्ये सोडवला: येत नाहीत. त्यात पुलांची लांबी लागत नाही, अंतर लागत नाही. कुठल्या जागेला विषम पूल जोडलेत एवढं पाहिलं की काम झालं. हात न उचलता एकाच रेषेत रांगोळी काढता येते की नाही, हाही तोच प्रश्न.

१३. भास्कराचार्य मराठवाड्याचे का? आणि ‘लीलावती’ अंकगणित की गणित?

त्यांनी आपलं गाव विज्जडवीड असं सांगितलं आहे. ते कुठलं, यावर एकमत नाही. कुणी बीड म्हणतं, कुणी विजापूर, कुणी चाळीसगावजवळचं पाटण. पक्कं आहे ते त्यांच्या घराण्याचं देवगिरीशी नातं: नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. १२०७ चा तसा शिलालेख तिथं आहे.

‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. ती पाटीगणित, म्हणजे व्यक्त गणित: व्याज, त्रैराशिक, क्षेत्रफळं. अज्ञात राशी घेऊन चालतं ते अव्यक्त गणित, त्यासाठी त्यांचा ‘बीजगणित’ हा वेगळा ग्रंथ. तिथं अज्ञातांना यावत्तावत्, मग काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं. आपण क्ष आणि य म्हणतो. प्रश्न ३ मधली चौकट हीच.

१४. अंकशास्त्राचा यात काय संबंध? मूलांक, भाग्यांक वगैरे?

काही नाही.

१५. हिशोबात मी कच्ची आहे. बी.एस्सी.ला गणित घेऊ का?

हिशोब हळू होतो एवढंच असेल तर खुशाल घ्या. पदवीला मोठाले गुणाकार नसतात. ‘असं का?’ ला धरून बसायची सवय लागते. शकुंतला देवींनी १९८० मध्ये लंडनला दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. ते अचाट होतं, पण त्यातून नवं प्रमेय निघालं नाही, आणि ती अपेक्षाही नव्हती. उलट गाऊस आणि ऑयलर हे मोठे गणितज्ञ हिशोबातही दांडगे होते. दोन्ही एका माणसात असू शकतं, असलंच पाहिजे असं नाही. मात्र अपूर्णांक पाहिला की अंगावर काटा येत असेल, तर सुट्टीत आधी ते निस्तरा.

१६. अंकगणित तर लहान पोरांचं. त्यात मोठ्यांना करण्यासारखं काय उरलंय?

सगळ्यात अवघड प्रश्न तिथंच उरलेत. गोल्डबाखनं १७४२ मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून आलेला हा प्रश्न घ्या: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? २८ = ५ + २३. संगणकानं ४ वर अठरा शून्यं इथपर्यंत तपासलं, एकदाही चुकलं नाही. सिद्धता अजून नाही.

‘एवढं तपासलं ते पुरे नाही का?’ असं पुढचं पत्र येतंच. क² + क + ४१ घ्या. क = ० पासून ३९ पर्यंत चाळीसही वेळा मूळ संख्या येते. क = ४० ठेवला की १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस साक्षीदार एक बोलले आणि एकेचाळिसावा फुटला. गाऊसचा १८०१ चा गाजलेला ग्रंथ नावानिशी अंकगणितावरचाच आहे. फर्माचा सतराव्या शतकातला प्रश्नही पूर्ण संख्यांचाच: दोन घनांची बेरीज घन, दोन चौथ्या घातांची बेरीज चौथा घात, असं पुढं कधी जमतं का? तो सुटला थेट १९९४ मध्ये, वाइल्सच्या हातून, आणि त्यासाठी गणिताच्या लांबच्या शाखांतून रसद आणावी लागली.

१७. १ + १ = २ हे सिद्ध करायला शेकडो पानं लागली म्हणे. खरं का?

अर्धं खरं. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या १९१० च्या पहिल्या खंडात, तीनशेच्या वर पानांनंतर, ‘यावरून पुढं १ + १ = २ निघेल’ असं येतं. पण ती पानं या बेरजेसाठी खर्चलेली नाहीत. संख्या हा शब्दही आधी न धरता नुसत्या तर्कशास्त्रातून सगळं उभं करायचं होतं. पेआनोच्या १८८९ च्या रीतीनं हे दोन ओळींत होतं: २ म्हणजे १ च्या पुढची संख्या, एक मिळवणं म्हणजे पुढच्या संख्येवर जाणं. झालं.

एका वाचकानं बीडहून विचारलं होतं: ऊसतोडीत नवरा एक, बायको एक, आणि कोयता एकच, मग १ + १ = १ नाही का? नाही. तिथं माप बदललं: कोयता म्हणजे तोडणारी जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, आणि अर्धा अधिक अर्धा एक. मुकादमाचा हिशोब पक्का आहे.

१८. गणितात सिद्धच न होणाऱ्या गोष्टी असतात असं वाचलं. मग अंकगणितही कच्चं का?

ग्योडेलनं १९३१ मध्ये दाखवलं ते असं: पूर्ण संख्यांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही मांडता येतील असे नियम घ्या, ते नेमके लिहून काढता येणारे हवेत आणि त्यात विसंगती नको. त्या नियमांनी सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही असं एखादं विधान राहतंच. ते विधान नवा नियम म्हणून आत घेतलं तरी दुसरं उभं राहतं.

यात चकित करणारी गोष्ट ही की हे अंकगणितात होतं. प्रेसबर्गरनं १९२९ मध्ये दाखवलं होतं की नुसत्या बेरजेचं अंकगणित घेतलं तर प्रत्येक विधानाचा निकाल लागतो. शाळेतल्या धाटणीची भूमितीही नियमांत बांधली की निकाल देते, हे टार्स्कीनं दाखवलं. बेरजेच्या जोडीला पूर्ण संख्यांचा गुणाकार आला की मात्र ते जमत नाही. अंकगणित कच्चं आहे असा याचा अर्थ नाही. कुठल्याही एका नियमावलीत ते मावत नाही, असा आहे.

आणि हो, दहावीच्या पेपरातलं एकही गणित या जातीचं नसतं. ती सबब दोन-तीन पोरांनी घरी सांगून पाहिली आहे.